सप्तकांचा हिशेब : फ्रेडी मर्क्युरीच्या गळ्याविषयी

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्याविषयी कुठेही लिहून आले की एक विधान हटकून भेटते : त्याचा गळा चार सप्तकांत फिरत होता. काही ठिकाणी तर दोन्ही टोकेही दिलेली असतात. खर्जातल्या पांढरी चारपासून बरोबर चार सप्तके वरच्या पांढरी चारपर्यंत. आपल्याकडे भजनी मंडळांत, शाळांत जी साडेतीन सप्तकांची पेटी असते तिच्यावर ४२ पट्ट्या असतात. चार सप्तकांना ४९ लागतील. म्हणजे हा गळा आपल्या पेटीत मावत नाही, सात पट्ट्या बाहेर सांडतो. वाचणारा थक्क होतो आणि तिथेच थांबतो. त्या सप्तकांत तो माणूस करत काय होता, हे विचारायचे राहून जाते.

या लेखात मला त्या चार सप्तकांचा हिशेब तपासायचा आहे. माझी पार्श्वभूमी सांगून ठेवतो. मी जळगावचा. संगीताची एकही परीक्षा दिलेली नाही. उमेदीची वर्षे दुसऱ्यांच्या खातेवह्या लिहिण्यात गेली. गाणे ऐकायचे, पेटीवर सूर शोधायचा, वहीत टिपून ठेवायचे आणि मग त्या विषयावर जाणत्यांनी काय लिहिले आहे ते मिळवून वाचायचे, एवढीच माझी पद्धत आहे. पण खातेवह्यांनी एक सवय लावली. बेरीज डोळे दिपवणारी दिसली की आधी नोंदी पाहायच्या.

हा विषय खान्देशातल्या माणसाने का घ्यावा, असे कुणी विचारील. फ्रेडीचे शालेय आयुष्य महाराष्ट्रात गेले आहे. मूळ नाव फरोख बलसारा, घराणे पारशी, जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. आठव्या-नवव्या वर्षी आईवडिलांनी त्याला सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवले आणि १९६३ च्या सुमारापर्यंत तो इकडेच वाढला. पियानो तो तिथेच शिकला. शाळेतल्या पाच मुलांनी १९५८ च्या सुमारास ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, त्यात फ्रेडी पियानोवर होता. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. ज्याच्या गळ्याला पुढे जगाने चार सप्तके बहाल केली, तो पाचगणीच्या टेबललँडखाली राहत होता तेव्हा गायक म्हणून पहिल्या क्रमांकावर नव्हता, ही नोंद मला महत्त्वाची वाटते. हा गळा उपजत आयता मिळालेला नाही, तो पुढे घडवलेला आहे, असा संशय तिथूनच यायला लागतो.

पाचगणीचा उल्लेख आला की आपल्यातले काही जण लगेच त्याला ‘आपला’ करून टाकतात. लहानपणी त्याच्या कानांवर लताबाईंची गाणी पडली, असे सांगितले जाते. पडलीही असतील. त्या काळी या देशात राहून ती न ऐकणे अवघड होते. पण कानांवर पडणे वेगळे आणि गळ्यात उतरणे वेगळे. त्याच्या गायनात मला मींड सापडत नाही, मुरकी सापडत नाही, सूर लावण्याची आपली रीतही सापडत नाही. त्याचे गाणे पाश्चात्त्य आहे. रॉक अँड रोल, ऑपेरा, इंग्लंड-अमेरिकेतले नाट्यगृहांतले संगीत, अमेरिकी कृष्णवर्णीयांचे चर्चगायन यांतून ते आले आहे. नातेसंबंध जोडण्यासाठी नव्हे, तर आपल्याकडच्या शब्दांनी ते जास्त नेमके समजते का, हे पाहण्यासाठी मी लिहितो आहे.

आधी आपलेच घर पाहू. मराठीतले गायकांवरचे लेखन चाळले तर ‘तिन्ही सप्तकांत लीलया फिरणारा गळा’ हा शब्दप्रयोग इतक्यांदा भेटतो की त्याला अर्थ उरलेला नाही. सत्काराच्या मानपत्रात शाल-श्रीफळाइतकाच तो ठरलेला आहे. आमच्या जळगावाला बालगंधर्वांचा अभिमान आहे. लहान वयात त्यांना इथे महबूबखाँकडे तालीम मिळाली, त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह गावात आहे. पण बालगंधर्वांवर ज्यांनी जीव ओवाळून टाकला त्यांनी काय आठवणीत ठेवले? शब्दाचा उच्चार, लयीशी चाललेली लाडीगोडी, समेवर येण्याची अदब, आवाजातला ओलावा. सप्तके मोजत कुणी बसले नव्हते. ज्या गायकावर सर्वांत जास्त प्रेम केले त्याच्या बाबतीत आपण पल्ल्याचा विचारही केला नाही. पल्ला आठवतो तो बहुधा बाकी काही सुचत नाही तेव्हा.

आता नोंदींकडे. २०१६ साली ख्रिश्चन हर्ब्स्ट या ऑस्ट्रियन आवाजतज्ज्ञाने स्वीडनमधल्या सहकाऱ्यांबरोबर फ्रेडीच्या आवाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गायक १९९१ मध्ये गेलेला, त्यामुळे त्याचा घसा तपासणे शक्य नव्हते. त्यांनी ध्वनिमुद्रणे तपासली. सहा मुलाखतींतला बोलण्याचा आवाज मोजला. वाद्ये वगळून निव्वळ आवाज मिळेल अशा २१ मुद्रणांतले २४० दीर्घ स्वर घेतले. त्यांना मिळालेला पल्ला होता खालच्या काळी तीनपासून वरच्या पांढरी पाचपर्यंत, म्हणजे सेकंदाला सुमारे ९२ कंपनांपासून ७८४ कंपनांपर्यंत. मध्ये ३७ अर्धस्वर. तीन सप्तके आणि वर एक अर्धस्वर. चार सप्तकांच्या दाव्याला आधार मिळाला नाही. पेटीच्या भाषेत सांगायचे तर ३८ पट्ट्या लागतात. साडेतीन सप्तकांच्या पेटीत हा गळा आरामात मावतो, वर चार पट्ट्या शिल्लक राहतात.

तीन सप्तके ही काही लहान गोष्ट नाही. पण त्या अभ्यासातली याहून मोठी नोंद दुसरीच आहे आणि तिच्याकडे फारसे कुणी वळून पाहत नाही. त्याचा बोलण्याचा आवाज सेकंदाला सरासरी ११७ कंपनांच्या आसपास होता. पेटीवर हा सूर मंद्रातल्या काळी पाचच्या अगदी जवळ येतो. सर्वसाधारण पुरुषाचा आवाज असाच असतो. अभ्यासकांचा कौल असा की फ्रेडी बहुधा मूळचा बॅरिटोन होता. पाश्चात्त्य वर्गवारीत पुरुषाचा उंच आवाज टेनर, खालचा बास आणि दोहोंच्या मधला बॅरिटोन. मोन्सेरात काबाये ही स्पेनची विख्यात ऑपेरा गायिका त्याच्याबरोबर ‘बार्सिलोना’ गायली. तीही त्याला बॅरिटोनच समजे. त्या आवाजात एक युगुलगीत करू, असे तिने सुचवले तेव्हा, आपले श्रोते आपल्याला ओळखणार नाहीत, म्हणून त्याने नकार दिला, असे ती सांगत असे.

या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र पालटते. बोलण्याच्या सुरापासून खाली त्याच्या गाण्यात चारच अर्धस्वर आहेत आणि वर तेहेतीस. माणूस बोलतो त्या सुराच्या वरच बहुतेक गातो, हे खरे. पण हा गायक आपल्या मुक्कामापासून इतका दूर वर जाऊन तिथे नुसता भेट देऊन येत नाही, तिथे घर करून राहतो. आपला पुरुष ख्यालगायक काळी एकच्या पट्टीत गात असेल तर मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत दोन सप्तकांत त्याची मैफल रंगते. तार षड्जावर तो न्यास करतो, पंचमाला स्पर्श करून उतरतो. फ्रेडीचा भर आवाज त्या तार पंचमाच्याही वर जाऊन तिथे शब्द उच्चारतो, भांडतो, विनवणी करतो. आपल्याकडे बायका काळी चारच्या पट्टीत गातात तेव्हा त्यांचा तार षड्ज आणि रिषभ जिथे येतो, तो त्याचा रोजचा वावर. पल्ल्यापेक्षा हा वावर गायकाविषयी अधिक सांगतो. एखाद्याची जमीन किती एकर यापेक्षा तो कुठला तुकडा कसतो ते पाहावे, तसे.

मग ते जादा सप्तक आले कुठून? यातला काही वाटा दुसऱ्या माणसाचा आहे. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मधल्या ऑपेरासारख्या भागात जो सर्वांत उंच, सुईसारखा सूर निघतो तो फ्रेडीचा नव्हे, ड्रम वाजवणाऱ्या रॉजर टेलरचा आहे. त्या भागात टेलर वर, फ्रेडी मधे आणि गिटारवादक ब्रायन मे खाली अशी वाटणी होती. तिघांनी आपापले आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक मुद्रित केले, त्यातून समूहगायनाचा भास तयार झाला. ऐकणाऱ्याला पुढे उभा असलेला एकच चेहरा दिसतो आणि तिघांची जमा एकाच्या खात्यावर पडते. कीर्तनात टाळकऱ्यांनी उचललेला सूर बुवांच्या नावावर जावा, तसाच हा प्रकार. फ्रेडीचे समोरच्याला भारून टाकणे इतके जबरदस्त होते, की ही चूक त्याच्याविषयीच्या प्रेमातूनच झाली. तरी ती चूकच आहे, आणि टेलरवर अन्याय करणारी आहे.

बॅरिटोन गळ्याने इतक्या उंचावर घर का बांधावे? याचे एक कारण व्यावहारिक आहे आणि ते आपल्याला परके नाही. ध्वनिक्षेपक येण्याआधी संगीत नाटक आणि तमाशा या दोन्ही ठिकाणी उंच पट्टीला मान होता, कारण तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असे. आपला कान खालच्या सुरांपेक्षा वरच्या कंपनांना अधिक तिखट असतो. ढोलकी, तुणतुणे, झील यांच्यातून वाट काढून जायचे तर आवाजाला धार हवी. रॉकमध्ये माइक असतो हे खरे, पण समोर विजेवर चालणारी गिटार आणि ड्रमही असतात. पुरुषाचा खालचा मुलायम आवाज ज्या पट्ट्यात राहतो तो पट्टा त्या वाद्यांनी आधीच व्यापलेला असतो. गायकाला मोकळी जागा सापडते ती वर. म्हणून बहुतेक रॉक गायक उंच गातात. फ्रेडीनेही तेच केले, फक्त मूळ आवाजाचे वजन खाली टाकून न देता ते वर वाहून नेले. त्यामुळे त्याच्या उंच सुराला पातळपणा येत नाही, आत भरीव काहीतरी असल्यासारखे वाटते.

उलट बाजूही पाहावी. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते तेव्हा बायका रात्रभर अहिराणी गाणी म्हणतात. त्या गाण्यांचा पल्ला चार-पाच सुरांचा, फार तर सहा. पट्टी अशी धरायची की सासूपासून नातीपर्यंत सगळ्यांना म्हणता यावे. तिथे कुणी वर चढून दाखवले तर बाकीच्या गप्प होतील आणि गाणे मोडेल. चार-पाच सुरांत रात्र सरते आणि कुणाला काही कमी पडले असे वाटत नाही. म्हणजे पल्ला ही गाण्याच्या कामाची गरज आहे. ज्याला जेवढा लागतो तेवढा तो वापरतो. त्याला गुणांकन समजणे हेच मुळात चुकीचे.

फ्रेडीच्या तंत्राकडे येऊ. त्यातल्या तीन गोष्टी मला निर्णायक वाटतात.

पहिली गोष्ट, आवाजाच्या दोन जाती आणि त्यांची अदलाबदल. पुरुष एका मर्यादेपलीकडे वर गेला की स्वरतंतू पूर्ण जाडीने कंप पावायचे सोडून केवळ कडांनी कंप पावू लागतात आणि पातळ, बायकी वाटणारा आवाज निघतो. त्याला आपल्याकडे ‘खोटा आवाज’ म्हणतात. शब्दातच निकाल आहे. आपल्या रागसंगीतात तो लावणे म्हणजे चोरी. फ्रेडीच्या पल्ल्यातले सर्वांत वरचे सूर याच आवाजातले आहेत. आपल्या पंचांनी ते बाद केले असते. पण तो या आवाजाचा उपयोग सूर गाठता येत नाही म्हणून करत नाही. १९७६ च्या ‘समबडी टू लव्ह’मध्ये भर आवाजातून तो अचानक त्या पातळ आवाजात शिरतो आणि लगेच परततो. ताकदवान माणसाचा धीर क्षणभर सुटावा आणि त्याने स्वतःला सावरावे, असा तो परिणाम आहे. त्या गाण्याचा विषयच प्रेमासाठी केलेली याचना आहे. अशा जागी खोटा आवाज हाच खरा ठरतो. ही जागा भर आवाजात गायली असती तर ती फुशारकी झाली असती.

दुसरी गोष्ट, कंप. पाश्चात्त्य गायक दीर्घ स्वर लावताना तो वरखाली किंचित हलता ठेवतो. ऑपेरा गायकांत हे हलणे साधारणपणे सेकंदाला पाच-सहा वेळा होते आणि फार नियमित असते. फ्रेडीचे सरासरी सात वेळा होते, असे हर्ब्स्ट आणि मंडळींना आढळले. ही गती आवाजाच्या आजारात होणाऱ्या थरथरीच्या हद्दीत शिरते. वर ते नियमितही नव्हते. त्या अनियमितपणाचे मोजमाप करण्यासाठी त्यांना वेगळी पद्धत शोधावी लागली. आपल्या तालमीत वाढलेल्या कानाला हा सरळ दोष वाटेल. आपण सूर स्थिर मागतो. आंदोलन हवे तर रागाने नेमून दिलेल्या स्वरावर, नेमून दिलेल्या रीतीने. माझ्याही कानाला पहिल्यांदा तो कंप टोचला. पण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर लक्षात येते की त्याच्या दीर्घ स्वराला जी अस्वस्थता आहे, ती याच कंपातून येते. स्वर लागलेला आहे, तरी तो टिकेल की नाही अशी धाकधूक सतत राहते. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानात ‘लाइव्ह एड’च्या कार्यक्रमात त्याने वाद्यांशिवाय नुसत्या आलापीसारख्या हाका दिल्या आणि हजारो लोकांनी त्या उचलल्या. त्यातला एक स्वर तो बराच वेळ धरून ठेवतो. तो स्वर फार उंच नाही. आपल्याकडचे कितीतरी कीर्तनकार तिथे पोचतील. लोक खिळले ते उंचीने नव्हे, त्या धरून ठेवण्याने.

तिसरी गोष्ट, खरखर. जोर लावून गाताना त्याच्या आवाजात जो गुरगुराट मिसळतो त्याचा अभ्यासकांनी वेगळा शोध घेतला. एका व्यावसायिक रॉक गायकाला त्यांनी तसा आवाज काढायला लावले आणि त्याच्या घशात कॅमेरा घालून सेकंदाला ४,१३२ चित्रे घेतली. आपल्या स्वरतंतूंच्या वर पडद्यांची आणखी एक जोडी असते. तिला शरीरशास्त्रात आभासी स्वरतंतू म्हणतात, कारण एरवी गाण्या-बोलण्यात तिचे काम नसते. हा आवाज काढताना ती जोडीही कंप पावत होती आणि तेही हिशेबाने. खालचे तंतू तीनदा हलले की वरचे एकदा. याचा संगीतातला अर्थ मी पेटीवर मांडून पाहिला. गायक पंचम गात असेल तर कंपनांच्या एक तृतीयांशाचा सूर म्हणजे मंद्र षड्ज. म्हणजे वर पंचम चालू असताना त्याच्या पायाशी मंद्र षड्जाची भरड सावली पडते. मध्य आशियातले तुवा प्रांताचे गायक या वरच्या पडद्यांचा उपयोग आपल्या परंपरेने करतात. फ्रेडी तो एखाद्या शब्दापुरता, एखाद्या ठिणगीपुरता करतो. उंचावर गाताना त्याचा आवाज पातळ का होत नाही, याचे एक उत्तर इथे आहे. वर जाताना तो स्वतःच्या खालचा सूर बरोबर नेतो.

या तिन्ही गोष्टींत एक समान धागा आहे. खोटा आवाज, अनियमित कंप, घशातली खरखर. गायनाच्या कुठल्याही शिस्तशीर वर्गात, आपल्या किंवा त्यांच्या, या तिन्हींना लाल शाई लागली असती. त्याने दोष काढून टाकले नाहीत, त्यांना कामाला लावले. चार सप्तकांचे कौतुक करणारा समीक्षक नेमके हेच झाकून टाकतो. त्याला गळा निर्दोष हवा असतो, देवाची देणगी हवी असते. फ्रेडीला चार दात जास्त होते आणि त्यामुळे जबडा मोठा, म्हणून आवाज मोठा, हीही कथा याच जातीची. दातांना हात लावला तर आवाज बदलेल अशी भीती त्याला स्वतःलाही होती आणि त्याने ते काढले नाहीत, हे खरे. पण सूर तयार होतो तो स्वरयंत्रात. दातांवर श्रेय टाकले की कष्टांची नोंद खोडली जाते.

कष्टांची किंमतही होती. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. १९७५ च्या अमेरिका दौऱ्यात घशाच्या दुखण्याने काही कार्यक्रम रद्द करावे लागले. शस्त्रक्रिया त्याने करून घेतली नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमांत मुद्रणातल्या सर्वांत उंच जागा तो पुष्कळदा टाळत असे, चाल वळवून खालून नेत असे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा ऑपेरासारखा भाग तर रंगमंचावर टेप लावूनच होई.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. जे रोज गाता येत नाही ते गायकाचे कसे मानायचे? बैठकीच्या गाण्यात वाढलेला रसिक हा प्रश्न विचारणारच. आपल्याकडे मैफल हीच कसोटी. माझे उत्तर असे की रॉक संगीतात मुद्रण ही स्वतंत्र कृती आहे, मैफलीचा कागदावरचा दाखला नव्हे. नाटककाराने लिहिलेले नाटक आणि त्याचा एका रात्रीचा प्रयोग यांत जे नाते, तेच इथे. प्रयोगात चाल खाली आणताना फ्रेडी काय करतो ते ऐकण्यासारखे आहे. उंच स्वर गेला म्हणून त्या जागेचा ताण तो जाऊ देत नाही. शब्द आधी उचलतो, मागे रेंगाळवतो, खरखर वाढवतो किंवा वाक्य श्रोत्यांच्या हाती देऊन मोकळा होतो. उंची काढून घेतल्यावरही गाणे उभे राहते. ते उंचीवर उभे नव्हते, याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

इथे कुमार गंधर्वांची आठवण येणे अपरिहार्य आहे. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाले, पाच-सहा वर्षे गाणे बंद राहिले. परतले तेव्हा दीर्घ दमसासाची गायकी शक्य नव्हती. लहान लहान, अचानक झेप घेणारे आणि मध्ये शांतता सोडणारे तुकडे घेऊन त्यांनी नवी वाट पाडली. दोघांच्या संगीतात साम्य काहीच नाही आणि मला ते दाखवायचेही नाही. साम्य आहे ते शरीराशी केलेल्या व्यवहारात. शरीराने ‘नाही’ म्हटले तिथून पुढे गाण्याची रचना सुरू होते.

फ्रेडीच्या शेवटच्या दोन वर्षांतले गायन याच दृष्टीने ऐकावे लागते. एड्सने शरीर खंगत चालले होते. ‘द शो मस्ट गो ऑन’ या गाण्याची चाल ब्रायन मेने त्याला गाऊन दाखवली तीही खोट्या आवाजात, कारण ती इतकी उंच होती. हे याला झेपेल का, अशी मेला शंका होती. फ्रेडीने ती भर आवाजात गायली. १९९१ साली ते गाणे बाहेर आले आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला. पण मला त्याहून जास्त हलवते ते ‘मदर लव्ह’. मे १९९१ मध्ये मुद्रित केलेले हे त्याचे अखेरचे गायन. इथे तो बराच वेळ खाली, आपल्या बोलण्याच्या आवाजाजवळ गातो. आयुष्यभर जो मुक्काम सोडून तो वर राहायला गेला होता, त्या बॅरिटोन घरात तो परत येतो. मधेच एकदा त्या सगळ्या वजनासकट वर झेपावतो. शेवटचे कडवे गाणे त्याला जमले नाही. ते मेने गायले आहे. सप्तके मोजणाऱ्यासाठी हे अपुरे मुद्रण आहे. माझ्या मते त्याच्या गळ्याचा नकाशा सर्वांत स्वच्छ इथेच दिसतो : तो कुठला होता, कुठे गेला आणि काय देऊन गेला.

हा सगळा खटाटोप एका परदेशी गायकासाठी केलेला नाही. आज दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत दहा-बारा वर्षांच्या मुलांना ‘हाय नोट’साठी टाळ्या पडतात. तीच हवा आमच्याकडच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रापर्यंत पोचली आहे. मुलगा वर चढला की मंडप उसळतो, शब्द समजून गायला तर कुणी मान हलवत नाही. ऐन विशीत घसा बसलेली, आवाजाला चिरा गेलेली दोन-तीन मुले माझ्या माहितीत आहेत. त्यांना कुणी सांगितले नाही की ज्या फ्रेडीची उदाहरणे देऊन त्यांना वर ढकलले जाते तो स्वतः सभेत उंच जागा खालून नेत होता, आणि त्याच्या नावावरचा सर्वांत उंच सूर त्याचा नव्हताच. खोट्या बेरजेची ही किंमत असते आणि ती भलताच कुणीतरी भरतो.

म्हणून गायकावर लिहिताना सप्तकांचा आकडा लिहायचाच असेल तर अवश्य लिहावा, पण त्याच्याबरोबर आणखी तीन रकाने आखावेत. हा आवाज मूळचा कुठला? गाण्यात त्याचा रोजचा वावर कुठे? आणि जिथे तो संपतो त्या काठावर गायक काय करतो? फ्रेडी मर्क्युरीच्या पानावर पहिल्या रकान्यात मंद्रातली काळी पाच, दुसऱ्यात बायकांच्या पट्टीतला तार षड्ज आणि तिसऱ्यात थरथर, खरखर व खोटा आवाज अशा नोंदी येतात. पल्ल्याच्या रकान्यात तीन सप्तके आणि एक अर्धस्वर. हिशेब जुळतो. चौथे सप्तक लागत नाही.